खडीवरचा जून

आमच्या लेस्टरला उन्हाळा कधी सुरू झाला हे हवामानवाले सांगू शकत नाहीत, माझे शेजारी सांगू शकतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ वर्षभर बंद गळ्याच्या स्वेटरात असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मात्र ते अर्ध्या चड्डीत, दुधासारखे पांढरे पाय उन्हात चमकवत बागेत उभे दिसतात. मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडतो, "वैजू, ऋतू बदलला गं!" आणि पायात चपला अडकवून मागच्या शेडकडे धाव घेतो.

शेडमध्ये आधी गवत कापायचं यंत्र, मग गणपतीच्या मखराचे तुकडे, मग आमच्या मराठी मंडळाच्या ऐतिहासिक नाटकातल्या सहा लाकडी तलवारी, आणि या सगळ्या सैन्याच्या मागे माझी सायकल. तिच्या रुंद टायरच्या खाचांमध्ये पांढरी धूळ बसलेली असते. गेल्या जूनची. ती मी धूत नाही. वैजू, म्हणजे माझी बायको, म्हणते, "लोक फ्रान्सहून अत्तर आणतात, तू माती आणतोस." आणतो. टायरला नाक लावून वासही घेतो. खडूचा, कोरड्या गवताचा आणि अगदी तळाशी, शपथेवर सांगतो, गाईच्या शेणाचा.

माझी नोकरी ऐकलीत तर तुम्ही हसाल. मी कौन्सिलमध्ये रस्त्यांच्या खात्यात आहे. खड्ड्याबद्दल तक्रार आली की ती माझ्या टेबलावर येते. "माझ्या घरासमोरच्या खड्ड्यात बदकं पोहतात" अशी पत्रं मी गेली एकोणीस वर्षं सविनय वाचतो आणि खड्डे बुजवून घेतो. गुळगुळीत डांबर हा माझा धर्म. आणि असा मी, दर जूनला रजा काढून, जिथे डांबर संपतं तिथून सुरू होणाऱ्या रस्त्यांवर जातो. अधर्माची चव काही वेगळीच असते.

या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या वाटांवरून सायकल चालवायची. हँडल रेसच्या सायकलसारखं वळलेलं, टायर मात्र जाड. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत अशा वाटांचं जाळं आहे. कुठे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून त्यावर बारीक खडी पसरलेली असते, कुठे कालव्याच्या काठाने घोड्यांनी नाव ओढायची जुनी वाट असते. कुठे नुसती ट्रॅक्टरची चाकोरी असते, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा आणि मधोमध गवताची पट्टी, एखाद्या पोराच्या डोक्यावरच्या शेंडीसारखी. आयुष्यभर चाकोरी सोडा म्हणून उपदेश ऐकला. खरी चाकोरी पाहिली तेव्हा वाटलं, उपदेश करणाऱ्यांनी ती पाहिलेलीच नसणार. दोन्ही बाजूंनी पॉपीची लाल फुलं वाकून बघताहेत, वर चंडोल गातोय, पुढे एका टेकडीवर ती वाट सरळ आभाळात घुसतेय. अशी चाकोरी मिळाली तर मी सोडायचा नाही.

या वाटा मला दाखवल्या मिलिंदने.

मिलिंदची ओळख करून द्यायला हवी. सांगलीला मी इंजिनियरिंगला आणि तो मिरजेला मेडिकलला, तेव्हापासूनचा मित्र. भाड्याच्या सायकलींवर सांगली-मिरज, मिरज-सांगली अशा आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या, की सायकलवाल्याने शेवटी सीटची उंची आमच्या मापाने कायमची ठेवून दिली होती. पुढे या सद्गृहस्थाने माझ्या घरी माझ्याच आईच्या हातचं जेवून माझ्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. मित्राचा आमच्या घरचा जावई झाला. तेव्हापासून मी त्याला 'मिलिंदराव' म्हणतो आणि अरेतुरे करतो. "मिलिंदराव, चहा घेतोस का रे?" असं. माझी बहीण शुभदा यावर तीस वर्षं हसते आहे.

ती दोघं बर्मिंगहॅमला राहतात. मिलिंद डोळ्यांचा सर्जन. त्याच्या हाताबद्दल हॉस्पिटलमध्ये दंतकथा होत्या. तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिणारे लोक जत्रेत असतात. हा त्या दाण्याचं ऑपरेशन करेल, असं मी मंडळाच्या सभेत एकदा जाहीर केलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आमच्या नाटकाच्या तालमीनंतर तो आणि मी त्याच्या गाडीत बसलो होतो. दुपारची वेळ, काचेवर बारीक पाऊस. गाडी बंद होती. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा पहिल्या बोटावर आपला एकटाच फिरत होता, जपमाळ ओढल्यासारखा.

मी म्हणालो, "मिलिंदराव, जप कधीपासून सुरू केलास?"

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ विनोद केले. परत घेता आला तर हा एक घेईन.

तो हसला. म्हणाला, "सुध्या, कंपवात आहे. पार्किन्सन्स. दोन ठिकाणी दाखवलं. ऑपरेशन्स मी लगेच थांबवली, वरिष्ठांना खरं कारण सांगितलंय. बाकीच्यांना खांदा आखडलाय असं सांगतो."

"आणि शुभाला?"

"तिलाही खांदाच सांगितलाय." तो वायपरकडे बघत होता. "सांगणार आहे रे. पण एकदा सांगितलं की सायकलवर चढताना ती सीट धरणार. जिना उतरताना हात धरणार. जूनमध्ये आपण फ्रान्सला जातोय ना, तेवढं मला नेहमीसारखं करू दे. परत आलो की त्याच दिवशी सांगतो. तोवर तू बोलायचं नाहीस."

आता हे मला सांगणं म्हणजे चाळणीत दूध ठेवायला देणं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सांगलीच्या विश्रामबागेपासून बर्मिंगहॅमच्या मंडळापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. एका वर्षी नाटकाचा शेवट मी प्रयोगाआधीच तिकीट विकताना लोकांना सांगितला होता. आणि या माणसाने चार महिन्यांसाठी माझ्या सख्ख्या बहिणीपासून लपवायची गोष्ट माझ्याच ओंजळीत टाकली. मी शब्द दिला.

निघायच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. सायकली कॅरियरवर चढवल्या, आणि शुभदाने चहा आणला. मला काठोकाठ भरलेला मग. मिलिंदपुढे मात्र अर्धा कप. मला राहवेना. चार महिने गप्प बसून माझ्यातला विदूषक उपाशी होता.

"काय गं शुभे, माहेरचं वळण विसरलीस? नवऱ्याला अर्धा कप? अगं, आपल्या घरी मोलकरणीलाही बशी भरून चहा मिळायचा!"

"त्याला गार होतो," ती म्हणाली. "अर्धा पितो आणि पुन्हा घेतो. तू तुझा पी."

मग तिने डबा दिला. बेसनाचे लाडू, एका घासात मावतील असे, लिंबाएवढे. मी झाकण उघडून दुसरी तक्रार नोंदवली. "चिवडा कुठाय? सायकलच्या ट्रिपला चिवडा नाही?"

"चिवडा सांडतो," शुभदा म्हणाली आणि आत गेली.

एकोणीस वर्षं लोकांच्या तक्रारी वाचणाऱ्या माणसाने ही दोन उत्तरं नीट वाचायला हवी होती.

जहाज दिवसाचं होतं. दुपारी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलो आणि तासाभरात जुन्या रेल्वेच्या वाटेला लागलो. तो जून आठवला की मला आधी आवाज आठवतो. टायरखाली खडीचा एक संथ, चुरचुरता आवाज, कोणीतरी शेजारी बसून कुरकुरीत पापड खातंय आणि संपतच नाहीये असा. ओल्या मातीवर तो मिटतो. पुलावर घुमतो. सावलीतून उन्हात आलं की का कोण जाणे, मोठा होतो. दोन दिवसांत मी डोळे मिटून सांगू शकत होतो की खाली चुनखडी आहे, गारगोटी आहे की नुसती वाळू. ऑफिसमध्ये हे ज्ञान कोणाला सांगायची सोय नाही.

आणि मग वास. जूनमध्ये तिथे लिंडनची झाडं फुलतात. गावाच्या चौकात आधी मधासारखा वास येतो, मग झाड दिसतं, मग झाडाखालचं बाक, आणि बाकावर दोन म्हातारे, जे आपल्याकडे बघून मान हलवतात. त्या मान हलवण्यात 'आलात का?' एवढंच असतं. कुठून, कशाला, केवढ्याची सायकल, असलं काही नाही. मी तर मिरजेच्या स्टँडवर पाच मिनिटांत समोरच्याच्या पगारापर्यंत पोचणाऱ्या परंपरेतला. मला त्या मौनाचं फार कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला.

गाई तर विचारू नका. पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे आणि दोन्ही डोळ्यांभोवती बरोबर चष्म्यासारखी वर्तुळं. मिलिंद प्रत्येक कळपापाशी थांबून अदबीने विचारायचा, "नंबर बरोबर आहे ना? लांबचं दिसतं?" त्या रवंथ करत त्याच्याकडे बघायच्या. निवृत्तीनंतर इथेच दवाखाना टाकायचा, असं आम्ही तिसऱ्या दिवशी ठरवलं.

सायकलवर तो विशीतला मिलिंदच होता. चालताना उजवा पाय जरा रेंगाळायचा, हात झुलायचा नाही, हे आता मला दिसत होतं. पण एकदा पेडलवर पाय पडला, की त्याचं शरीर सगळं विसरायचं. चढावर मी घोड्यासारखा फुसफुसत असायचो आणि हा पुढून ओरडायचा, "मूठ सैल सोड! टायरमधली हवा थोडी कमी कर! खडीशी भांडू नकोस, सुध्या, तिला खालून नाचू दे." खडीचं सगळं शास्त्र एवढंच आहे. गच्च भरलेलं चाक प्रत्येक दगडावर उडतं. जरा कमी भरलेलं चाक दगडाला जागा देतं आणि पुढे जातं.

चौथ्या दिवशी आम्ही एका जंगलातून चार किलोमीटरचा उतार उतरलो. मोठमोठी गोल खडी, वर ओकची कमान, खाली दात वाजताहेत, चष्मा नाकावर उड्या मारतोय. तळाशी एक लाकडी पूल होता. तिथे थांबलो आणि मी पाण्याची बाटली घ्यायला हात पुढे केला, तर हात असा थरथरतोय की बाटली सापडेना. मी दोन्ही हात समोर धरले. पिंपळाची पानं! मिलिंदने माझ्याकडे बघितलं, मग आपले हात माझ्या हातांशेजारी धरले. चार हात, चारही थरथरताहेत. माझे जास्तच.

"कोणाला पार्किन्सन्स आहे, ओळखा," तो म्हणाला.

आणि हसत सुटला. इतका हसला की पुलाच्या कठड्याला टेकून खालीच बसला. फेब्रुवारीनंतर प्रथम मी त्याला तसं हसताना पाहिलं. म्हणूनच त्याला खडी हवी होती हे मला तिथे कळलं. खडीवर सगळ्यांचेच हात थरथरतात.

शुभदाचा फोन रोज संध्याकाळी यायचा, आणि मिलिंद आंघोळीला गेलेला असताना बरोबर यायचा. तिचे प्रश्नही चमत्कारिक. "दादा, तो कॉफी पितो का?" "शर्टाची बटणं लावतो की टी-शर्टच घालतो?" मी नाटकातला माणूस, पण त्या दहा मिनिटांत मला घाम फुटायचा. मी गाईंबद्दल बोलायचो, लिंडनबद्दल बोलायचो, फ्रेंच रस्त्यांच्या उताराबद्दल तांत्रिक माहिती द्यायचो. ती शांतपणे ऐकून म्हणायची, "बरं. लाडू खा हं."

पाचव्या दिवशी पंक्चर झालं. माझं. चार घरांच्या एका वस्तीपाशी, टळटळीत दुपारी. जवळचा पंप बिघडलेला. पहिल्या घराच्या अंगणात ऐंशीच्या आसपासची एक बाई चेरीच्या झाडाखाली शिडी धरून उभी होती. नाव ओदील, ते नंतर कळलं. मिलिंदला फ्रेंच येत नाही. मला येतं; म्हणजे फोनवरच्या धड्यांमुळे 'माझी मावशी लाल सफरचंद खाते' इतपत येतं. मावशीचा उपयोग नव्हता, म्हणून मी अभिनयाकडे वळलो. मंडळाच्या नाटकांतली बावीस वर्षांची तपश्चर्या पणाला लावली. आधी मी सायकल झालो. मग खिळा झालो. मग हवा गेलेलं टायर झालो आणि 'स्स्स' करत तिच्या अंगणात हळूहळू खाली बसलो. शेवटी आभाळाकडे हात करून पंपाची याचना केली.

ओदीलबाईंनी हाताची घडी घालून प्रयोग शेवटपर्यंत पाहिला. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या सायकलकडे, तिच्या चपट्या टायरकडे बोट दाखवलं, आणि पंप आणायला गेल्या. त्यांना पहिल्याच क्षणी कळलं होतं. पण नाटक मध्येच थांबवणं बरं दिसत नाही, एवढी संस्कृती त्या गावात होती.

टायर भरून झालं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं. लांब लाकडी टेबल, जाळीतून येणारं ऊन, आणि दोन वाडगे भरून कॉफी. वाडगे, काठोकाठ. तिथे तशीच पितात. मी दोन हातांनी उचलून भुरके मारले. मिलिंदने मान लववून आभार मानले आणि हात टेबलाखाली ठेवले. कॉफी तशीच गार झाली. तिच्यावर साय धरलेली मी पाहिली, आणि ओदीलबाईंनीही पाहिली.

निघताना त्यांनी एक काचेची बरणी हातात दिली. तारेच्या कडीचं झाकण, त्याला केशरी रबर. आत गच्च चेरी.

संध्याकाळपर्यंत आम्ही चौदा किलोमीटर पुढच्या गावात पोचलो आणि बरणी संपली. खोलीत गेलो तर मिलिंद मोरीत ती बरणी धूत होता. मग टी-शर्टने पुसली, उन्हात धरून बघितली.

"उद्या परत द्यायला हवी."

"कोणाला?" मी विचारलं. "अरे, तिने दिली ती आपल्याला! फ्रान्समध्ये अशा बरण्या पैशाला पासरी."

"चेरी दिल्या. बरणी तिची आहे. रबर नवीन घातलंय बघ. जी बरणी कोणाला देऊन टाकायची तिला कोणी नवं रबर घालत नाही."

"मिलिंदराव, उद्याचा दिवस परत जाण्यात घालवला तर आपण लवार नदीला पोचत नाही. मधूनच उलटं फिरावं लागेल, नाहीतर जहाज चुकेल." लवार ही त्याची मूळ इच्छा होती. समुद्रापासून निघायचं आणि नदीत पुढचं चाक बुडवायचं. हिवाळाभर नकाशावर तो बोट फिरवत होता.

"नदी कुठे जात नाही," तो म्हणाला. आणि मग पिशवीतून शुभदाचा डबा काढला. लाडू मोजून नऊ राहिले होते. एकेक उचलून त्याने बरणीत ठेवायला सुरुवात केली. हात थरथरत होता, लाडू काचेला टकटक लागत होते. मी पुढे झालो, तर त्याने कोपराने मला बाजूला सारलं. "शेजारणीचं भांडं रिकामं नाही पाठवायचं."

शेजार चौदा किलोमीटर लांब आणि भाषा वेगळी असली म्हणून काय झालं? आमच्या आईने साखरेची चिमूट तरी टाकल्याशिवाय कोणाची वाटी परत पाठवली नव्हती. तिच्या जावयाने ते पाळलं आणि मुलगा जहाजाचं वेळापत्रक बघत बसला, हे मात्र मनाला लागलं.

सकाळी तीच वाट उलटी केली. वाट उलटी केली की ती वेगळीच निघते. काल जी टेकडी पाठीमागे राहिली होती ती आज समोरून आली, आणि तिच्या अंगावर गव्हाचं अख्खं शेत वाऱ्याने कूस बदलत होतं. काल आपण इथून गेलो आणि हे पाहिलंच नाही. मी मिलिंदला तसं म्हणालो. तो म्हणाला, "काल तू बोलत होतास."

ओदीलबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. आम्हाला बघून त्या टायरकडे बघायला लागल्या. मिलिंद पुढे झाला आणि बरणी त्यांच्यासमोर धरली. चौदा किलोमीटर खडीवरून आलेला हात, आणि त्यात मुळातला कंप. कडी सैल राहिली होती. झाकण काचेवर वाजायला लागलं. किणकिणकिण, गुरुवारी भजनात टाळ वाजावेत तसं. सगळ्या कोंबड्या मान वर करून ऐकायला लागल्या. मला वाटलं, बाई आता पटकन धरतील, घेतील हातातून. जगात कोणीही घेतलीच असती.

त्या थांबल्या. बरणी त्यांच्यापर्यंत येईपर्यंत थांबल्या. मिलिंदने ती त्यांच्या तळव्यांवर ठेवली तेव्हाच बोटं मिटली. मग लाडू बाहेर काढला, वास घेतला, निम्मा खाल्ला, आणि डोळे मिटून काहीतरी एक लांबलचक बोलल्या. ते मला समजलं नाही, पण शुभदाला सांगताना मी त्याचं सविस्तर भाषांतर केलं.

आत गेल्यावर त्यांनी स्टूल घेऊन कपाटाच्या वरच्या फळीवरून एक कप काढला. जाड चिनी मातीचा, दोन कानांचा. धूळ पुसली, विसळला. कोणाचा होता ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. माझ्यापुढे कालचाच वाडगा, काठोकाठ. मिलिंदपुढे तो दोन कानांचा कप. आणि त्यात कॉफी, अर्धाच कप.

त्याने दोन्ही कान धरले. कप हलला, कॉफी हलली, एक थेंब सांडला नाही. तो प्यायला. त्यांनी पुन्हा अर्धा भरला.

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. अर्धा कप. लिंबाएवढे लाडू. चिवडा सांडतो. बटणं लावतो का? चार महिने धरून ठेवलेलं माझं तोंड त्या परक्या स्वयंपाकघरात फुटलं. मी वाडगा आपटून ओरडलो, "अरे मिलिंद्या, शुभाला माहीत आहे!"

ओदीलबाई दचकल्या. मिलिंदने कप खाली ठेवला. त्या अर्ध्या कॉफीकडे एकदा बघितलं आणि उठला.

फोन त्याने अंगणात चेरीखाली उभं राहून केला. मी सभ्य माणूस असल्यामुळे दूर गेलो, आणि मी मी असल्यामुळे कानाच्या टप्प्यात राहिलो.

"शुभा... हो. हो, तेच... कधीपासून?... मग बोलली का नाहीस?" मग तो हसला, आणि हसताहसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तू सांगशील तेव्हा सांगशील, तोवर कप तर माझ्या हातात होता." त्याने फोन खिशात टाकला. "हात तिने डिसेंबरातच पाहिला होता. पण साधं काही नाही हे कळलं तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? मी एक शब्द बोललो नाही!"

"तेच. म्हणाली, फेब्रुवारीत दादा जेवायला आला आणि दोन तास गप्प बसला. तेव्हाच मी देवापुढे दिवा लावला."

माझ्या आयुष्यात मी एकच गुपित पाळलं, आणि ते पाळूनच फोडलं.

निघताना ओदीलबाई पुन्हा पुढे आल्या. हातात तीच बरणी. धुतलेली, पुसलेली, आणि काठोकाठ चेरींनी भरलेली. मिलिंदने आणि मी एकमेकांकडे बघितलं. हे प्रकरण संपणारं नव्हतं. त्या गावाचंही वळण आमच्या आईसारखंच निघालं होतं. आम्ही बरणी घेतली आणि उलटे फिरलो.

लवार नदी मी अजून पाहिलेली नाही. सांगतात, फार सुंदर आहे. दर जूनला आम्ही निघतो नदीकडे, आणि पोचतो त्या चार घरांच्या वस्तीपर्यंत. बरणी द्यायची, बरणी घ्यायची, परत. आतापर्यंत तिच्यातून तिळाच्या वड्या गेल्या आहेत, खोबऱ्याच्या वड्या गेल्या आहेत. अक्रोड आले आहेत, मध आला आहे. ओदीलबाई आता काठी घेऊन चालतात. माझ्याकडे बघून त्या अजून न चुकता 'स्स्स' असा आवाज करतात आणि खुदकन हसतात.

यंदा एक बदल आहे. मिलिंदचा तोल आता एकट्याने सायकल चालवण्याइतका राहिलेला नाही. मार्चमध्ये तो दोनदा पडला. मला वाटलं, संपलं. तर शुभदाने दोघांची एक लांब सायकल आणवली, जाड टायरची. मला वाटलं, पुढे मी बसणार. मी तसं नम्रपणे सुचवलंही.

"तू?" शुभदा म्हणाली. "तू वळणावर गाई दाखवायला हात सोडतोस. पुढे मी बसणार."

शाळेनंतर सायकलला हात न लावलेली माझी बहीण दोन महिने कालव्याकाठी सराव करते आहे. मिलिंद मागे बसतो आणि ओरडतो, "मूठ सैल सोड!" ती ओरडते, "तू गप्प बस, नाहीतर उतर आणि चालत ये!" कालव्यावरची बदकं आता त्यांना ओळखतात.

काल रविवारी मी सायकल घेऊन त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर बरणी होती, आत बेसनाचे लाडू, लिंबाएवढे. शुभदाने चहा ओतला. तिघांनाही अर्धा अर्धा कप. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा, मिटलं.

मिलिंद बरणीचं झाकण लावत होता. हे काम त्याचं. झाकण काचेवर किणकिणत होतं, कडी खाचेजवळ जायची आणि निसटायची. जायची, निसटायची. शुभदा ओट्याला टेकून उभी होती, तिचे हात चहाच्या कपाभोवती. मी माझे हात खिशात घातले. खिडकीबाहेर शेजारच्या बागेत कोणीतरी गवत कापत होतं. घाई कोणालाच नव्हती. नदी कुठे जात नाही.

किणकिण. किणकिण.

मग खट्ट.